न्हाणीच्या दारातलं विमान

सुप्याच्या कंपनीत मी बरीच वर्षं क्वालिटीत आहे. प्रेसवरून उतरलेले पत्र्याचे भाग हातात घ्यायचे, कडा बघायच्या, भोकं मापायची आणि पास किंवा रिजेक्ट ठरवायचं. त्यामुळे ॲल्युमिनियमचा पत्रा माझ्या डोळ्यांआधी हाताला कळतो. आमचे एक साहेब निवृत्त झाले, तेव्हा टेबल आवरता आवरता त्यांनी मला एक चपटा तुकडा दिला. आगपेटीपेक्षा थोडा मोठा, कोपरे गोल केलेले, एका टोकाला किल्लीची कडी अडकवायला भोक. एका बाजूला ओरखडे पडलेला पांढरा रंग, दुसऱ्या बाजूला पोपटी अस्तर.

"जुन्या जम्बो विमानाचा पत्रा आहे," साहेब म्हणाले. "विमान मोडीत निघालं की त्याची कातडी कापून असे टॅग करतात. जगभर लोक जमवतात. तुमच्याकडे राहू दे, तुम्हाला त्याची किंमत कळेल."

घरी पोचेपर्यंत मी तो टॅग हातातून सोडला नाही. हा पत्रा ढगांच्या वर जाऊन आलाय, एवढंच मनात घोळत होतं. मी स्वतः तोवर एकदाही विमानात बसले नव्हते.

मग तो नादच लागला. इंटरनेटवर जमवणाऱ्यांचे गट सापडले. कुणाकडून मागवले, कुणाशी अदलाबदल केली. प्रवासी विमानं, मालवाहू विमानं, जुनी लढाऊ विमानं. प्रत्येक टॅगवर विमानाचा प्रकार आणि त्याचा नोंदणी क्रमांक कोरलेला असतो. कुठे पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटचं भोक असतं, कुठे विमान कंपनीच्या अक्षराची एखादी निळी कड. असे टॅग मी कपाटाच्या एका खणात मखमलीवर मांडून ठेवत गेले.

आई काष्टीला राहते. एकदा माझ्याकडे आली असताना तिनं तो खण उघडला. पलंगावर बसून एकेक टॅग उचलला, नखानं टिचकी मारून कानाशी धरला, परत जागेवर ठेवला. सगळे बघून झाल्यावर म्हणाली, "एवढ्या दुनियेतल्या इमानांचं बिल्लं जमा केलंस. माझ्या इमानाचा कुठाय?"

आईच्या विमानाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. तिचं माहेर नेवाशाच्या पलीकडे, प्रवरेच्या काठी. ती लहान होती तेव्हा त्या भागात उसावर पाकोळीची कीड पडली आणि फवारणीसाठी एक छोटं पिवळं विमान यायला लागलं. एक दिवस ते विमान उसात पडलं. आई गवत कापायला गेली होती. ती धावत गेली आणि विळ्यानं पट्टा कापून तिनं आतल्या माणसाला बाहेर काढलं. गोष्ट एवढीच. लग्न होऊन काष्टीला आल्यावर तिनं ती सासरी सांगितली आणि तिथंच चूक झाली, कारण ऐकणाऱ्यांत माझी आत्या होती.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. तिचं घर आमच्या घराला लागूनच. तिची जीभ अशी, की बाजारातले लोकसुद्धा तिच्याशी जपून बोलतात. आईची गोष्ट ऐकून ती इतकी हसली, की तिला ठसका लागला. "इळ्यानं इमान कापलं आमच्या वैनीनं!" हे वाक्य पुढे आमच्या घरातली म्हणच झालं. कुणी काही जास्तीचं बोललं, की "व्हय व्हय, इळ्यानं इमान कापलं" असं म्हणायचं. वडीलही हसायचे. मीसुद्धा हसत मोठी झाले. आई कधी चिडली नाही. तिनं गोष्ट सांगणं तेवढं बंद केलं.

त्यामुळे त्या दिवशी पलंगावर बसून तिनं "माझ्या इमानाचा कुठाय?" असं विचारलं, तेव्हा मी चमकून तिच्याकडे बघितलं. ती थट्टा करत नव्हती.

"आई, ते विमान कुठं गेलं पुढं?"

"इंजान काढून नेलं त्यांच्या लोकांनी. बाकीचं तसंच पडलं हुतं रानात. मंग गावानं पत्रं नेलं. कुनी कशाला, कुनी कशाला."

पत्रे नेले असतील, तर एखादा उरला असेल. लोखंड गंजून गेलं असतं. ॲल्युमिनियम इतक्या सहज जात नाही.

पुढच्या रविवारी गाडी काढून मी नेवाशाला गेले. आजी-आजोबा जाऊन खूप वर्षं झाली होती, मामा पुण्याला राहायला गेला होता, वस्तीवरचं घर पडलं होतं. गावात आमचं म्हणावं असं कुणी उरलं नव्हतं. म्हणून मी भंगारवाल्यांपासून सुरुवात केली. "विमानाचा पत्रा आहे का?" असं विचारलं, की ते आधी माझ्याकडे बघायचे, मग माझ्या गाडीकडे. एकानं विमान कुठं उतरवलंय, असं विचारलं. पहिला रविवार असाच गेला. दुसराही.

तिसऱ्या खेपेला एका दुकानात पत्र्यांचा ढीग चाळत होते. दुकानदार चहा पीत होता. तो म्हणाला, "ताई, माझ्याकडं न्हाई. पर नदीच्या अंगाला एका मळ्यात म्हातारा ऱ्हातो. त्याच्या न्हानीचं दार हाय ना, त्याला समदे इमानाचं दार म्हनत्यात. मी लई येळा मागितलं. देत न्हाई."

मळा सापडायला वेळ लागला नाही. अंगणात बाजेवर एक म्हातारबाबा बसले होते. पांढऱ्या मिशा, डोक्याला टापशी, बाजेला टेकवलेली काठी. घराच्या कडेला न्हाणी होती आणि तिला निळ्या ऑइलपेंटनं रंगवलेलं एक दार. मी त्यांना नमस्कार केला आणि विचारून दाराजवळ गेले. मागच्या बाजूला, चौकटीच्या आत दुमडलेल्या कडेला ऑइलपेंट लागला नव्हता. तिथं पोपटी अस्तर दिसत होतं. रिव्हेटची भोकं एका ओळीत, सारख्या अंतरावर. मी बोट फिरवलं. अशी ओळ माझ्या खणातल्या कितीतरी टॅगांवर होती.

"बाबा, हे दार कुठलं?"

"इमानाचं," ते म्हणाले. "माझ्या बापानं आनलं. गंजत न्हाई, वाळवी लागत न्हाई. दोन येळा न्हानी पाडून बांधली, दार तेच."

"विमान पडलं तेव्हा तुम्ही होता?"

"हुतो म्हंजे? मी उसाला पानी देत हुतो." ते सरसावून बसले. "इंजान फटफटलं आन् गप झालं. बिनआवाजाचं इमान खाली येतंय, हे बघून माझं पान्याकडचं ध्यानच उडालं. उसाच्या शेंड्यांवरनं घासत गेलं, बांधाला धडकलं आन् उलटं झालं. चाकं वर. आतला मानूस पट्ट्याला उलटा टांगल्याला. मानसं पुष्कळ जमली, पर सगळी लांब उभी. टाकी फुटंल म्हनत हुती."

"मग त्याला काढलं कुणी?"

आदल्या खेपेला गावातल्या पारावर मी हाच प्रश्न विचारला होता. तिथं मला गावातल्या एका मोठ्या घराचं नाव मिळालं होतं. त्या घरच्या मुलानं पायलटला वाचवलं, असं तिथले लोक सांगत होते.

म्हातारबाबा म्हणाले, "गावात इचारशील तर मोठ्या घराचं नाव सांगतील. जीप त्यांची हुती, दवाखान्यात त्यांनी नेलं, ते खरं हाय. पर काढला तो एका पोरीनं. बौद्ध वस्तीवरची पोरगी. गवत कापाया आल्याली. हातात इळा. ती जी सुटली, ती थेट इमानाकडं. आमी वरडतोय, माघारी फीर, माघारी फीर. ती काय ऐकती!"

"विळ्यानं काय केलं तिनं?"

"पट्टा कापला की. एवढा रुंद पट्टा, करवतीवानी घासून घासून कापला. त्यो मानूस धपकन तिच्या अंगावर पडला. मंग काखेत हात घालून वढत आनला त्याला बांधापतूर."

मी अंगणातच खाली बसले. त्यांच्या सुनेनं पाणी आणून दिलं. ते पिऊन झाल्यावर मी म्हणाले, "बाबा, ती माझी आई."

म्हातारबाबांनी काठी हातात घेतली. "जित्ती हाय?"

"आहे. काष्टीला असते. धडधाकट आहे."

मग मी दाराचं विचारलं. त्याच्या बदल्यात चांगलं, नवं दार करून बसवते म्हणाले. त्यांनी काठी जमिनीवर आपटली. "तुला न्हाई देनार. तिला घिऊन ये. दार तिच्या हातात दीन."

घरी परतताना मी एकटीच गाडीत मोठ्यानं बोलत होते. काष्टीला फोन लावून आईला सगळं सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. थोड्या वेळानं तिचाच फोन आला. "वन्संबी येनार म्हनत्यात," ती म्हणाली.

आत्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. दार बघितल्याशिवाय ती एक अक्षर खरं मानणार नव्हती. नवं दार मी आमच्या ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून करून घेतलं आणि टेम्पोनं पुढे पाठवलं. ठरल्या दिवशी आम्ही तिघी निघालो. आई नवी जांभळी साडी नेसून पुढे बसली होती. आत्या मागे बसून वाटेत दिसेल त्या प्रत्येक पत्र्याकडे बोट दाखवत होती. "वैनी, ते बघ तुझं इमान. त्या शेडवर हाय. न्हाई न्हाई, त्या टपरीला हाय." आई खिडकीतून बाहेर बघत हसत होती.

मळ्यात पोचलो तर अंगण भरलेलं. म्हातारबाबांनी सगळीकडे निरोप धाडले होते. मळ्यातली माणसं होती, गावातली होती, वस्तीवरच्या बायका आल्या होत्या. त्यांतल्या एकीनं आईला ओळखलं आणि तिच्या गळ्यात पडली. म्हातारबाबा काठी टेकत उठले. आईसमोर येऊन त्यांनी हात जोडले. "जय भीम, बाई."

"जय भीम, दादा," आई म्हणाली. मग त्यांच्याकडे निरखून बघत म्हणाली, "तुमीच ना ते, फावडं टाकून पळाल्याले?"

अख्खं अंगण हसलं. म्हातारबाबा सगळ्यांत जास्त हसले. "व्हय. मीच त्यो."

दार उतरवलं आणि अंगणात दोन बाजांवर आडवं ठेवलं. मी रंग काढायचं रसायन सोबत नेलं होतं. ते ब्रशनं लावलं, थांबले आणि पातळ पट्टीनं हळूहळू खरवडायला घेतलं. निळ्याखाली हिरवा निघाला, हिरव्याखाली विटकरी. म्हातारबाबांच्या प्रत्येक मुलाच्या लग्नाला न्हाणी रंगवली होती म्हणे. विटकरीखालून पिवळा वर आला. झेंडूसारखा पिवळा. आईच्या तोंडून "अगं बया" निघून गेलं.

पिवळ्यावर काळ्या, जाड पट्ट्या होत्या. दोन तिरक्या, पुढे एक आडवी आणि एक उभी. मला आधी काही उमगेना. मग मी दाराच्या दुसऱ्या अंगाला जाऊन उभी राहिले आणि पट्ट्यांची अक्षरं झाली. दार उभं बसवलं होतं, म्हणून अक्षरं आडवी पडली होती. इंग्रजी व्ही आणि टी. त्याच्या पुढचं अक्षर कापलेलं, अर्धंच उरलेलं. आपल्या देशातल्या प्रत्येक नागरी विमानाच्या अंगावर ही दोन अक्षरं असतात. पंखाखालचा पत्रा होता तो. जमिनीवरून मान वर करून बघणाऱ्याला दिसावीत, म्हणून तिथं मोठी अक्षरं काढतात. मी हे सगळ्यांना समजावून सांगितलं.

"हीच ती," आई म्हणाली. "फवारताना माझ्या डोक्यावरनं हीच अक्षरं जायची. त्या टायमाला वाचता येत न्हवती."

आत्या पुढे आली. तिनं पदर खोचला, वाकून पिवळ्या रंगावर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली. मग ती आईकडे वळली. "वैनी, पट्टा केवढा जाड हुता गं?"

आईनं दोन बोटं जोडून दाखवली. आत्यानं ती बोटं स्वतःच्या हातात धरली.

म्हातारबाबांनी मग सगळ्यांसमोर गोष्ट पहिल्यापासून सांगितली. शेवटी म्हणाले, "त्यो मानूस पानी मागत हुता. हिनं आपल्या तांब्यातलं दिलं. त्यो घटाघटा प्याला. आमी समदे उभे. त्या काळात काय हुतं तुमाला ठावं हाय. कुनी काय बोललं न्हाई तवा. पर मंग गोष्ट सांगताना गावानं हिला गाळली. आज मी सांगतोय. ही हुती. ऐकलं का समद्यांनी?"

"ऐकलं," कुणीतरी मागून मोठ्यानं म्हणालं. मग वस्तीवरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या बराच वेळ थांबल्याच नाहीत.

आई रडली नाही. तिनं पदरानं पत्रा पुसला, दोन्ही हातांनी एका बाजूनं उचलला आणि मला म्हणाली, "धर तिकडनं. गाडीवर चढवू."

कंपनीच्या मालकांना मी सगळं सांगून परवानगी मागितली. त्यांनी सुट्टीच्या दिवशी मशीन वापरू दिलं आणि स्वतः बघायला आले. व्ही आणि टी असलेला भाग मी अखंड ठेवला. तो आता काष्टीच्या घरात भिंतीवर आहे, बुद्धाच्या तसबिरीच्या शेजारी. उरलेल्या पत्र्याचे टॅग कापले. कडा घासल्या, कोपरे गोल केले, पिवळा रंग जपला, मागचं पोपटी अस्तर जपलं. प्रत्येक टॅग माझ्या हाताखालून गेला. एकही रिजेक्ट केला नाही.

कोरायचं काय, हा प्रश्न होता. नोंदणी क्रमांक पूर्ण नव्हता, विमानाचा प्रकारही खात्रीनं माहीत नव्हता. मी आईला विचारलं.

"इमानाचं नाव ठावं न्हाई, तर माझं टाक," ती म्हणाली.

"सासरचं का माहेरचं?"

"त्या टायमाला माझं लगीन झालं हुतं का?"

मग मी तिचं माहेरचं पूर्ण नाव कोरलं, मराठीत. खाली गावाचं नाव, आणि "फवारणीचं विमान".

पहिला टॅग म्हातारबाबांना. त्यांनी तो काठीच्या मुठीला बांधून घेतला. वस्तीवरच्या प्रत्येक घरात एक. गावातल्या त्या मोठ्या घरीही आई स्वतः गेली. जीप त्यांची होती, हे ती विसरली नव्हती. तिथल्या सुनेनं चहा केला आणि आई दोन कप पिऊन आली. आत्यानं आपला टॅग पाकिटाच्या चेनला लावला. आता काष्टीत कुणी नवा माणूस भेटला, की ती पाकीट पुढे करते आणि अशी गोष्ट सांगते, की जणू उसात ती स्वतः उभी होती. परवा तिच्या गोष्टीत विमानाला आग लागली होती. आईनं मधेच थांबवून दुरुस्त केलं. "आग न्हवती वन्सं. नुसता वास हुता."

मग पुण्यात टॅग जमवणाऱ्यांचा एक मेळावा झाला. आईला घेऊन गेले. आत्या आलीच. सभागृहात टेबलं मांडलेली, प्रत्येकाचा संग्रह काचेखाली. आमच्या टेबलावर पिवळे टॅग आणि त्यामागे खुर्चीवर आई. लोक आधी माझ्याशी इंग्रजीत बोलायला यायचे. मी म्हणायचे, "त्यांना विचारा, विमान त्यांचं आहे." आई सांगायला लागली. एका टेबलापुरती सुरू झालेली गोष्ट ऐकायला हळूहळू शेजारची टेबलं रिकामी झाली. आयोजकांनी माइक आणून दिला. आईनं तो माइक विळ्यासारखा धरला आणि पट्टा कसा कापला, ते करून दाखवलं. एक निवृत्त वैमानिक पहिल्या रांगेत बसले होते. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी आईला सॅल्यूट केला. त्यांच्यामागे सगळं सभागृह उभं राहिलं. माझे डोळे भरून आल्यामुळे पुढचं मला धड दिसलं नाही.

नंतर एक गृहस्थ आमच्या टेबलाशी आले. त्यांच्याकडे एका फार जुन्या, नावाजलेल्या मालवाहू विमानाचे टॅग होते. मी कित्येक वर्षं तो टॅग शोधत होते. ते अदलाबदलीला तयार होते, एकास एक. माझा हात पुढे गेलासुद्धा होता. पण आईनं त्यांचा टॅग मधेच उचलला, टिचकी मारून कानाशी नेला आणि परत ठेवला.

"चांगला हाय," ती म्हणाली. "पर तुमच्या इमानाचं असं किती बिल्लं निघालं?"

"हजारेक तरी असतील, आजी."

"आमचं थोडंच हायत. आन् पत्रा आता संपला. आमच्या एकाला तुमचं दोन."

ते गृहस्थ हसायला लागले. आई हसली नाही. मागून आत्या तिच्या कानाशी लागून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तीन माग वैनी, तीन."

तीन मिळाले.